आधी टाकीचं झाकण सैल करून पाहा

जालन्याच्या काळ्या जमिनीत कोळपणीला किती दिवस मिळणार हे वापसा ठरवतो. पाऊस झाला की रान दोन-चार दिवस पाय धरतं, मग वापसा येतो आणि पुढची सर येईपर्यंतच टिकतो. सोयाबीनमध्ये पेरणीनंतर साधारण १५ ते ४५ दिवसांचा काळ तणाच्या दृष्टीने सर्वांत धोक्याचा. कपाशीत तो दोन महिन्यांपर्यंत लांबतो. या काळातून पावसाचे आणि चिखलाचे दिवस वजा केले, तर यंत्र घालता येईल असे दिवस फार उरत नाहीत. नेमक्या अशा दिवशी पॉवर विडर तासाच्या टोकाला वळताना हुंदके देतो आणि बंद पडतो. दोरी ओढली की चालू, चार ओळी झाल्या की पुन्हा बंद. दुपारपर्यंत हेच चाललं की यंत्र टेम्पोत घालून तालुक्याला न्यायचं, तिथे ते रांगेत ठेवायचं आणि आठ दिवसांनी आणायचं. तोवर तण गुडघ्याला आलेलं असतं. दुरुस्तीचं बिल त्या मानाने किरकोळच असतं, खरी किंमत वाया गेलेल्या वापशाची असते. ती कुठल्याही पावतीवर येत नाही, म्हणूनच तिचा विचार धोरणातही होत नाही. यंत्र विकत घेण्याला आपण अनुदान देतो, ते चालू राहावं यासाठी काहीच देत नाही. ही चूक दुरुस्त करायला फार पैसाही लागणार नाही, असं माझं म्हणणं आहे.

हे यंत्र मुळात गुंतागुंतीचं नाही, हे आधी ध्यानात घेतलं पाहिजे. एक सिलिंडर, एक कार्बोरेटर, एक प्लग, ओढायची दोरी. अमेरिकेच्या उपनगरांत लोक ज्या यंत्रावर बसून अंगणातली हिरवळ कापतात त्याचं इंजिनही बहुतेक वेळा याच घराण्यातलं, फक्त थोरलं. त्या यंत्राच्या सीटखाली एक स्विच असतो. चालवणारा उठला की इंजिन बंद, म्हणजे पात्यात पाय जात नाही. तिकडे यंत्र वारंवार बंद पडू लागलं की लोक आधी तो स्विच तपासतात. आपल्या विडरला सीटच नाही, त्यामुळे आपलं एक कारण आपोआप कमी झालं. बाकीची कारणं मात्र तीच, आणि ती मोजकी आहेत. इंजिनाला हवा, पेट्रोल आणि ठिणगी लागते, आणि सिलिंडरमध्ये दाब लागतो. चारपैकी काय कमी पडतंय हे इंजिन बंद पडण्याच्या तऱ्हेवरून बरंचसं कळतं. वैद्य नाडी पाहतो तसं इथे बंद पडणं पाहायचं.

दहा-पंधरा मिनिटं नीट चाललं, मग दम टाकत बंद पडलं आणि थोडं थांबल्यावर पुन्हा चालू झालं, तर पहिला संशय टाकीच्या झाकणावर घ्यावा. झाकणाला हवा आत जाण्यासाठी बारीक छिद्र असतं. ते धुळीने किंवा चिखलाने बुजलं की पेट्रोल खाली उतरतं तसं टाकीत निर्वात होतं आणि पेट्रोल उतरणंच थांबतं. झाकण सैल करताच फुस्स आवाज आला आणि इंजिन लगेच चालू झालं तर निदान झालं. खर्च शून्य. झाकण सैल करूनही फरक पडला नाही तर इंजिन गरम असतानाच प्लग काढून ठिणगी पाहावी. काही कॉइल थंड असताना ठीक चालतात आणि तापल्या की ठिणगी सोडून देतात, म्हणून संध्याकाळी दुकानात थंड यंत्र तपासलं की दोष सापडत नाही आणि मेकॅनिक शेतकऱ्यालाच वेड्यात काढतो. रिकामं असताना छान चालतं पण पातं मातीत गेलं की मरतं, तर कार्बोरेटरच्या मेन जेटमध्ये कचरा आहे किंवा एअर फिल्टर गच्च झाला आहे. काळ्या मातीची वाळलेली धूळ फोमच्या फिल्टरमध्ये अशी बसते की तो फिल्टर न राहता ढेकूळ होतो. कंपन्यांच्या पुस्तिकांत सहसा ५० तासांनी फिल्टर साफ करा असं सांगितलेलं असतं आणि धुळीत त्याहून लवकर. आपल्याकडचं काम जवळपास सगळं धुळीतलंच. चोक ओढलेला असेल तोवरच इंजिन चालतं आणि चोक सोडला की बंद, याचा अर्थ मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय: बारीक जेट चोकअप झालाय किंवा कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या गॅस्केटमधून फुकटची हवा आत जाते आहे. आणि काही पूर्वसूचना न देता, कोणी बटण दाबावं तसं ते एकदम बंद झालं, तर पेट्रोलकडे बघूच नये. बंद करायच्या स्विचची वायर कुठेतरी सोलून बॉडीला लागली असेल. किंवा ऑइल कमी झालं की इंजिन थांबवणारा सेन्सर काही चार-स्ट्रोक इंजिनांत असतो, तो जागा झाला असेल. हा सेन्सर चढ-उताराच्या रानात यंत्र कललं तरी फसतो. ऑइल एका बाजूला गेलं की त्याला ते संपल्यासारखंच वाटतं.

एवढं सविस्तर सांगण्याचं कारण असं की वरच्या परिच्छेदातल्या बहुतेक दोषांना नवा पार्ट लागत नाही. लागतं ते तऱ्हा ओळखणारं डोकं, एक प्लगपाना, बारीक तार आणि अर्धा तास. प्रत्यक्षात मात्र सर्रास घडतं ते असं की अख्खा कार्बोरेटर बदलला जातो. बदलल्यावर यंत्र काही दिवस चालतं, कारण नव्या कार्बोरेटरमध्ये कचरा नसतो; पण टाकीच्या तळाचा गंज आणि गाळ तसाच राहिलेला असतो, तो महिनाभरात नव्या जेटमध्ये येऊन बसतो. ‘माल डुप्लिकेट निघाला’ असा निष्कर्ष निघतो आणि शेतकरी, दुकानदार, कंपनी या तिघांपैकी कोणाच्याही पदरात खरं कारण पडत नाही. निदान न करता पार्ट बदलणं म्हणजे ताप कशाचा हे न पाहता सलाईन लावणं. आपल्याकडे त्याचीही सवय आहे म्हणा.

यावर आजघडीला सर्वांत जोरात येणारा आक्षेप पेट्रोलचा आहे. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलनेच यंत्रं बंद पडतात, दुरुस्तीच्या गप्पा कशाला, असं म्हटलं जातं. या आक्षेपात तथ्य आहे आणि ते झटकून टाकता येणार नाही. २०१८ च्या जैवइंधन धोरणात २० टक्के मिश्रणाचं उद्दिष्ट २०३० साठी होतं, ते अलीकडे ओढलं गेलं आणि २०२५ मध्ये देशाने ते गाठलंही. पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला सुमारे ९ पटच. म्हणजे २० टक्के मिश्रणाला तेवढ्याच हवेमागे जास्त इंधन द्यावं लागतं. इंजेक्शनच्या मोटारी सेन्सरवरून हे सांभाळून घेतात. विडरच्या कार्बोरेटरचा जेट म्हणजे पितळेतलं ठरावीक मापाचं भोक, त्याला काही कळत नाही. मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं, वर-खाली होत चालतं आणि भार आला की मरतं. जुन्या प्रकारचं रबर इथेनॉलने फुगतं किंवा चिरतं. त्यातच इथेनॉल पाणी ओढून घेतं. पावसाळ्यात अर्धी टाकी तशीच राहिली आणि त्यात पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्यासोबत तळाशी बसतं, आणि कार्बोरेटरला पेट्रोल जातं ते तळातूनच. अमेरिकेत १५ टक्के मिश्रणाला परवानगी देताना तिथल्या पर्यावरण संस्थेने गवत कापायच्या यंत्रांसारखी छोटी इंजिनं त्यातून वगळली. ते इंधन अशा यंत्रात घालू नका, अशी सूचना तिथे पंपावरच चिकटवलेली असते. आपल्याकडे नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात २० टक्के मिश्रणाने मायलेज किती घटेल याचे अंदाज आहेत: जुन्या रचनेच्या चारचाकींसाठी ६ ते ७ टक्के, दुचाकींसाठी ३ ते ४ टक्के. पुढची सगळी जाहीर चर्चाही या दोन वाहनांभोवतीच फिरली. विडर, फवारणी पंप आणि ग्रास कटर यांचं नाव त्यात ऐकू आलं नाही. गंमत म्हणजे इथेनॉलला लागणारा ऊस अंबड-घनसावंगीच्या गोदाकाठी पिकतो आणि मका भोकरदन-जाफराबादकडे. कारखान्याला कच्चा माल देणारं रान आणि त्या पेट्रोलवर अडणारं रान एकच असू शकतं.

तरीही या आक्षेपाने माझा मुद्दा खोडला जात नाही, उलट अधिक पक्का होतो. टाकीचं झाकण, गच्च फिल्टर, तापणारी कॉइल, सोललेली वायर हे दोष इथेनॉलच्या आधीही होते आणि शुद्ध पेट्रोल मिळालं तरी राहतील. सगळं खापर पेट्रोलवर फोडलं की हे दोष तपासलेच जात नाहीत. आणि जिथे दोष खरोखर इंधनाचा आहे तिथेही उपाय हातानेच करायचे आहेत. हंगाम संपला की टाकी रिकामी करणं, कार्बोरेटरच्या वाटीखालचा स्क्रू उघडून उरलेलं पेट्रोल काढणं, ते काचेच्या ग्लासात घेऊन तळाशी पाण्याचे थेंब लोळतात का पाहणं, एक माप मोठा जेट बसवणं, नळ्या आणि गॅस्केट इथेनॉल सोसणाऱ्या रबराची लावणं. खरिपाची कोळपणी उरकली की विडर गोठ्यात जातो तो रब्बीत क्वचित निघतो, नाहीतर थेट पुढच्या जूनला. आठ-दहा महिने वाटीत राहिलेलं पेट्रोल उडून जातं आणि मागे चिकट राळ ठेवतं. तिने जेटचं केसाएवढं भोक बुजतं. मृगाच्या तोंडावर दोरी ओढून खांदे दुखतात त्यामागे निम्म्याहून अधिक वेळा हेच कारण असावं, असा माझा अंदाज आहे. कंपन्यांनी इथेनॉलला साजेसे जेट आणि रबर द्यावेत असा आग्रह सरकारने जरूर धरावा. पण ते बसवणार कोण, हा प्रश्न तेव्हाही उरेलच.

पूर्वी या प्रश्नाचं उत्तर गावातच असायचं. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’त ज्या बलुतेदारीचं वर्णन केलं, तिच्यात सुतार आणि लोहार यांनी हंगामात औतं-कोळपी नीट ठेवायची आणि मोबदला सुगीच्या धान्यात घ्यायचा अशी रीत होती. ती व्यवस्था जातीने जखडलेली आणि अनेक अंगांनी अन्यायाची होती, तिच्यासाठी गळा काढायचं काही कारण नाही. तिच्यातली एक गोष्ट मात्र आजच्या यंत्रविक्रीत नाही: दुरुस्ती करणाऱ्याचा वाटा पिकाशी बांधलेला होता. औत अडलं तर त्याचंही नुकसान होतं. पुढे विहिरीवर डिझेलचं ऑइल इंजिन आलं तेव्हा त्याच्याबरोबर फिटर नावाचा माणूस आला, आणि पंचक्रोशीत दोन-तीन तरी असे असत की इंजिनाच्या ठोक्यावरून नोझल की पंप ते सांगत. विडरच्या वाट्याला असा माणूस अजून आलेला नाही. गावोगाव मोटारसायकलचे मेकॅनिक आहेत ना, असं कोणी म्हणेल. आहेत, आणि आजवर त्यांनीच हा भार उचलला. पण १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं आणि बहुतेक नव्या दुचाकी इंजेक्शनवर गेल्या. आज गॅरेजमध्ये शिकायला लागलेल्या पोराच्या हाती लॅपटॉप आणि स्कॅनर येतो, कार्बोरेटर क्वचित. जुना मेकॅनिक पन्नाशी ओलांडतो आहे. म्हणजे ज्या दशकात कार्बोरेटरची यंत्रं शेतात वाढली, त्याच दशकात कार्बोरेटर उघडणारे हात कमी होऊ लागले आहेत.

मग धोरण काय करतं? कृषी यांत्रिकीकरणाचं केंद्राचं उपअभियान २०१४-१५ पासून सुरू आहे. महाडीबीटीवर अर्ज करायचा, निवड झाली की यंत्र घ्यायचं, तपासणी झाली की ४० ते ५० टक्के अनुदान खात्यावर येतं. तपासणी होते ती यंत्र आहे की नाही याची. तीन हंगामांनंतर ते चालतंय की बांधावर गंजतंय, हे विचारायला पुन्हा कोणी येत नाही. अर्ध्या सरकारी पैशाने घेतलेलं यंत्र जर एका बुजलेल्या जेटपायी पडून राहत असेल, तर ती सरकारचीही नासाडी आहे. म्हणून सुचवायचं आहे ते इतकंच: अनुदानाचा साधारण दहावा भाग यंत्र घेताना न देता पुढच्या दोन-तीन वर्षांच्या हंगामपूर्व सर्व्हिसिंगसाठी राखून ठेवावा, आणि तो प्रशिक्षित स्थानिक मेकॅनिकला काम झाल्यावर थेट मिळावा. प्रशिक्षणासाठी नवी संस्था काढायची गरज नाही. खरपुडीला कृषी विज्ञान केंद्र आहे, परभणीचं कृषी विद्यापीठ आहे, आयटीआय आहेत. आठवडाभराचा छोट्या इंजिनांचा वर्ग त्यांना जड नाही. अनुदानपात्र यंत्रांच्या यादीत नाव घालायचं असेल तर कंपनीने यंत्रासोबत जेट-गॅस्केटचा एक संच आणि मराठीत एक पानाचा दोषतक्ता द्यावा, अशी अटही घालता येईल. इंजिनावर इंग्रजीत आणि चिनीत चिकटवलेल्या सूचनांनी आजवर किती जणांचं भलं झालं हे उघडच आहे.

हे बाजारावर का सोडू नये, हा दुसरा आक्षेप. दुरुस्तीला मागणी असेल तर दुकानं आपोआप निघतील. मागणी आहेच, पण ती सहा आठवड्यांत कोंबलेली आहे. जून-जुलैत मेकॅनिकच्या दारात रांग आणि नंतर दहा महिने शुकशुकाट, अशा धंद्यावर कोणी गाळ्याचं भाडं भरत नाही. मेच्या सर्व्हिसिंगचे पैसे ठरलेले असतील तर तेच काम अक्षय्य तृतीया ते मृग असं पसरतं, मेकॅनिकला आधार मिळतो आणि जूनची रांगही आखूड होते. काहींच्या मते ही इंजिनं इतकी स्वस्त झाली आहेत की दुरुस्तीपेक्षा नवं बसवलेलं बरं. शहरातल्या बंगल्याच्या बागेपुरतं हे पटतं. ज्याने पीक कर्जावर हंगाम उभा केला आहे त्याला जुलैमध्ये नवं इंजिन स्वस्त पडत नाही, आणि पडलं तरी जुन्या टाकीतला गाळ नव्या इंजिनाचीही तीच गत करतो. बॅटरीवरचे विडर येत आहेत, मग कार्बोरेटरची चिंता कशाला, हाही युक्तिवाद ऐकू येतो. ते येवोत. ओल्या काळ्या रानात दिवसभर चालणारी बॅटरी प्रत्येक वाडीवर पोहोचेपर्यंत आज विकलेली पेट्रोलची यंत्रं चालवावी लागतीलच, आणि बॅटरीच्या यंत्रातही चिखल-पाण्याने खाल्लेल्या वायरी शोधणारा माणूस लागेलच.

शेतकरी स्वतः एवढं करील का, ही शंका मात्र जालन्यात तरी घ्यायला नको. हा बियाण्यांचा जिल्हा आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये इथे महिको उभी केली आणि १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. याच भागात दर उन्हाळ्यात कृषी सहायक घरच्या सोयाबीनची उगवण तपासायला शिकवतात: ओल्या गोणपाटावर शंभर दाणे, गुंडाळी, काही दिवसांनी मोजणी, सत्तर उगवले तर बियाणं पेरणीजोगं. या चाचणीला प्रयोगशाळा लागत नाही, आणि ती न करता पेरलं तर दुबार पेरणीची पाळी येते हे आता गावात सगळ्यांना ठाऊक आहे. विडरची चाचणीही एवढीच साधी आहे. मेच्या शेवटच्या आठवड्यात, गोणपाट ज्या अंगणात ओलं केलं त्याच अंगणात यंत्र बाहेर काढायचं, वाटीतलं जुनं पेट्रोल ग्लासात उतरवून बघायचं, फिल्टर धुवायचा, प्लगचा गाळा बघायचा, ताजं पेट्रोल घालून पंधरा मिनिटं चालवायचं. थांबलं तर आधी झाकण सैल करायचं. कृषी सहायकाच्या त्याच फेरीत हेही बसतं. सोबत तालुक्यातला असा एक प्रशिक्षित मेकॅनिक असला तर ज्याचं यंत्र तरीही चालणार नाही त्याला पेरणीआधी अजून दोन आठवडे हाताशी राहतात.